विडी सोडायला सोबत लागते



हिंजवडीत आयटी पार्कच्या उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यात बंजारा मजुरांचे मोठे कष्ट आहेत. सोलापूर, मराठवाडा, कर्नाटकातल्या तांड्यांवरून ही कुटुंबं येतात, पत्र्याच्या खोल्यांत राहतात. दिवसभर वाळू-सिमेंट, आणि घटकाभर विसावा म्हणजे विडी.

या वस्तीत आमच्या बचत गटाने काम सुरू केलं आणि सुरुवातीलाच चुकलो. कॅन्सरची चित्रं लावली, भाषण केलं. पुरुष उठून बाहेर गेले आणि तिथे विडीच पेटवली. एक म्हातारी याडी हसून म्हणाली, "तुमच्या कमरेची मिश्रीची डबी आधी काढा." आम्ही गप्प झालो. विडीत जी तंबाखू, तीच मिश्रीत. मग आमच्यातल्या चौघींनी डबी सोडायचं ठरवलं, आणि तेव्हा कळलं सोडणं काय असतं ते.

तंबाखूतल्या निकोटिनची शरीराला सवय लागते. ते मिळालं नाही की चिडचिड होते, झोप लागत नाही, डोकं दुखतं. पहिले तीन-चार दिवस सगळ्यात जड, पुढे दोन-चार आठवड्यांत त्रास ओसरतो. तल्लफ आली तरी पाचएक मिनिटांत उतरते. तेवढा वेळ पाणी प्यावं, बडीशेप चघळावी, कुणाशी तरी बोलावं. म्हणून त्या दिवसांत घरच्यांनी भांडण टाळावं.

आता आम्ही असं करतो. बोलणारा माणूस वस्तीतलाच, गोरबोली बोलणारा, स्वतः विडी सोडलेला. सोडायची तारीख आधी ठरवायची. व्यसनापासून दूर राहा, ही संत सेवालाल महाराजांची शिकवण बंजारा घरांत सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून काहींनी १५ फेब्रुवारीची जयंती धरली. आदल्या रात्री विडी-काडी घराबाहेर. विडीचे रोजचे वीस रुपये धरले तर वर्षाचे ७,३०० होतात. ते पैसे बायकोच्या बचत खात्यात.

एक गवंडी भाऊ अकरा दिवस थांबला. स्लॅबच्या रात्री जागरणात पुन्हा ओढली. आमच्यातल्या एकीने चारचौघांत त्याला टोचून बोललं. महिनाभर तो फिरकला नाही. शेवटी आम्हीच त्याच्या दारात गेलो, चुकलं म्हणालो. त्याने दुसरी तारीख ठरवली. बऱ्याच जणांची विडी पहिल्या खेपेला सुटत नाही. परत ओढली म्हणजे सगळं वाया गेलं असं नाही. स्लॅबच्या रात्री सोबत कोण, एवढं पुढच्या वेळी आधीच ठरवायचं.

सरकारची मोफत मदतही आहे. १८०० ११ २३५६ या नंबरवर समुपदेशक बोलतात. तंबाखूच्या पाकिटावरही हा नंबर छापलेला असतो. डॉक्टरांनी निकोटिनचं च्युइंगम दिलं तर ते पानासारखं सतत चावू नये. थोडं चावून गालात धरावं. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. विडी ओढणाऱ्याला टीबीचा धोका जास्त असतो.

आमच्या चौघींपैकी तिघींची डबी सुटली. चौथीला आम्ही रोज संध्याकाळी हाक मारतो. तुमच्या गटातही अशी एखादी असेल, तर आज तिच्या दारात जा.