जहाजाच्या अलीकडची आणि पलीकडची रात्र

सागरी सफरीचे, म्हणजे ज्याला आता आपल्याकडेही सर्रास क्रूझ म्हणतात त्या जलपर्यटनाचे, तिकीट आणि त्यासोबतच्या शर्ती बारकाईने वाचल्या, तर असे ध्यानी येते की जहाज कंपनीची जबाबदारी प्रवाशाने जहाजाच्या शिडीवर पाऊल ठेवले म्हणजे सुरू होते आणि सफर संपून तो त्याच शिडीवरून धक्क्यावर उतरला म्हणजे संपते; घराच्या उंबरठ्यापासून त्या शिडीपर्यंतच्या आणि शिडीपासून पुन्हा उंबरठ्यापर्यंतच्या हजारो किलोमीटरांविषयी त्या दस्तऐवजात सहसा एक अक्षरही नसते. आई-वडिलांच्या एकसष्टीच्या किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्ताने, वर्षानुवर्षे बाजूस टाकलेल्या पैशातून अशी सफर ठरविणारी कुटुंबे आता आपल्या अवतीभवती पुष्कळ आहेत. समुद्राकडे सज्जा असलेली खोली घ्यावी की नुसत्या खिडकीची घ्यावी, यावर त्यांच्यात आठवडेच्या आठवडे खल चालतो, आणि जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री आपण कोणत्या गावी निजणार आहोत हा प्रश्न मात्र विमानाचे जे तिकीट स्वस्त मिळेल त्याच्यावर सोपविला जातो. वस्तुतः सामान्य प्रवाशाच्या दृष्टीने सफरीतली खरी जोखीम समुद्रावर नसून जमिनीवर, या दोन टोकांना असते; आणि म्हणून अलीकडची एक व पलीकडची एक अशा दोन रात्रींची तजवीज ही सफरीला जोडलेली चैन नव्हे, तो तिचाच अविभाज्य अंश होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

पूर्वी ही सांधेजोड प्रवाशाला स्वतः करावी लागत नसे, कारण जहाज हे तेव्हा प्रवासाचे साधन होते आणि आगगाड्यांची वेळापत्रके त्याच्याशी बांधलेली असत. विलायतेची टपाल-आगबोट मुंबईस लागली की बॅलार्ड पिअरच्या धक्क्यालगतच्या मोल स्थानकात गाडी तयार असे. १९२८ साली सुरू झालेली फ्रंटियर मेल हंगामाच्या दिवसांत तेथूनच प्रवासी आणि टपाल घेऊन पेशावरचा रस्ता धरी. तिकडे इंग्लंडात लंडनच्या वॉटर्लू स्थानकातून निघून साउदॅम्प्टनच्या गोदीत जहाजाशेजारी नेऊन सोडणाऱ्या गाड्या होत्या. आपल्या कोकणच्या आगबोटींचा थाट साधा, परंतु किनाऱ्यावरून उतारू घेऊन खोल पाण्यात उभ्या असलेल्या आगबोटीपर्यंत जाणारा पडाव हा त्याही प्रवासाचा ठरलेला टप्पा होता. आजचे पर्यटन-जहाज मात्र कोणाला कोठे पोहोचविण्यासाठी निघत नाही. चार-सहा बंदरांचे वर्तुळ काढून ते बहुधा निघाल्या ठिकाणीच परत येते. त्याच्यासाठी कोणतीही आगगाडी खोळंबत नाही, आणि कोणत्याही विमानासाठी ते स्वतः खोळंबत नाही.

पहिली खातरजमा करावयाची ती बंदराच्या नावाची. जाहिरातीत ‘रोम’ असे ठळक छापलेले असते, परंतु रोम शहराला मोठ्या जहाजांचे बंदर नाही. जहाज सुटते ते सुमारे पाऊणशे किलोमीटरांवरील चिविटावेक्क्या या गावाहून. ‘फ्लॉरेन्स’ म्हणजे लिव्होर्नो, ‘पॅरिस’ म्हणजे जवळजवळ दोनशे किलोमीटरांवरचे ल हाव्र, आणि ‘बर्लिन’ म्हणजे बाल्टिक समुद्राकाठचे वार्नेम्युंडे, जेथून बर्लिनला जाऊन येण्यात उभा दिवस खर्ची पडतो. व्हेनिसची कथा याहून गुंतागुंतीची आहे. त्या नाजूक नगरीच्या पायाला महाकाय जहाजांमुळे पोहोचणारा उपद्रव ध्यानी घेऊन इटलीच्या सरकारने १ ऑगस्ट २०२१ पासून पंचवीस हजार टनांवरील जहाजांना सान मार्कोच्या परिसरातून आणि ज्युडेक्का कालव्यातून जाण्यास मनाई केली. तेव्हापासून काही जहाजे मार्गेराच्या औद्योगिक धक्क्याला लागतात, तर काही रावेन्ना वा त्रिएस्ते या दूरच्या बंदरांतून सुटतात. हा निर्णय मला सर्वथा योग्य वाटतो. परंतु ज्या प्रवाशाने व्हेनिसच्या कालव्याकाठी हौसेने खोली घेतली आणि जहाज रावेन्नाहून सुटणार हे बारीक अक्षरांतले कलम वाचलेच नाही, त्याला सामानसुमानासह सुमारे दीडशे किलोमीटरांची मजल ऐन सकाळी मारावी लागते.

आता रोमचेच उदाहरण सविस्तर घेऊ, कारण भूमध्य समुद्रातील सफरीसाठी निघालेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांची गाठ त्याच बंदराशी पडते. हिशेब नेहमी उलट्या दिशेने करावा. जहाज सायंकाळी पाच वाजता सुटणार असेल, तर प्रवाशांची नोंद साधारणतः तास-दीड तास आधी बंद होते, कारण उतारूंची अंतिम यादी बंदराच्या अधिकाऱ्यांच्या हवाली करावी लागते. वाटाड्या खलाशाची वेळ मुक्रर असते, पुढच्या बंदरातील धक्काही ठरावीक तासांपुरताच राखलेला असतो, आणि म्हणून एका कुटुंबाचे विमान उशिरा आले या कारणास्तव जहाज थांबविण्याची मुभा कप्तानाला जवळजवळ नसते. उलटपक्षी मुंबईहून रोमला जाणारे बहुतेक प्रवासी आखातातल्या एखाद्या विमानतळावर विमान बदलतात. तेथवरच्या पहिल्या विमानास दोन तासांची दिरंगाई झाली की दुसरे चुकते, आणि दुसरे चुकले की पुढची जागा कधी मिळेल हे गर्दीच्या हंगामात सांगता येत नाही. विमान आणि जहाज यांची तिकिटे स्वतंत्रपणे काढली असतील, तर विमान कंपनी दुसऱ्या विमानात बसवून देईल. सुटून गेलेल्या जहाजाचे भाडे ती सामान्यतः भरून देत नाही. पुढच्या बंदरात जहाज गाठता येते खरे, परंतु ते बंदर दुसऱ्या देशात असले तर परवान्याचा प्रश्न उभा राहतो, आणि खर्च सारा आपल्या शिरावर येतो. एखादी पेटी मागे राहिली तर तिचीही हीच गत. आदल्या दिवशी पोहोचलेल्या माणसाची पेटी दुसऱ्या विमानाने येऊन त्याला गाठण्याचा संभव असतो, त्याच दिवशी पोहोचलेल्याची पेटी बंदरामागून बंदर त्याचा पाठलाग करीत राहते. लग्नाचा मुहूर्त सकाळचा असला म्हणजे वऱ्हाड आदल्या दिवशी सीमांतपूजनालाच गावात येऊन जानवशात उतरते. जहाजाच्या मुहूर्ताला तर पुरोहितही थोपवू शकत नाही, मग तेथे ऐन वेळेवर जाऊन पोहोचण्याचा हट्ट कशासाठी?

या हिशेबात आपल्या लोकांची हमखास फसगत करणारी एक गोष्ट आहे. मुंबईहून परदेशी जाणारी पुष्कळ विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर दहा तारीख आणि पहाटे दोनची वेळ असेल तर घरातून निघावयाचे ते नऊ तारखेच्या रात्री. आणि नागपूर, कोल्हापूर किंवा रत्नागिरीहून येणाऱ्याने मुंबईकडे निघावयाचे ते त्याही आधी. पावसाळ्यात रूळ पाण्याखाली जाण्याचा धोका असतो हे आपणांस कोणी सांगावयास नको. तेव्हा जून ते सप्टेंबर या महिन्यांत निघणाऱ्याने मुंबईतही एक रात्र हाताशी ठेवलेली बरी.

शेंगेन व्हिसाचाही या रात्रींशी निकटचा संबंध आहे. अनेक देशांतून जाणाऱ्या प्रवाशाने अर्ज कोणत्या देशाच्या वकिलातीकडे करावा, तर ज्या देशात त्याचा मुक्काम सर्वाधिक दिवस आहे तिच्याकडे, आणि मुक्काम समसमान असेल तर ज्या देशात प्रथम प्रवेश होतो तिच्याकडे, असा नियम आहे. अलीकडच्या-पलीकडच्या रात्री रोममध्ये काढल्या की इटलीचे पारडे जड होते, हे ध्यानी घेऊन अर्जापूर्वीच त्या रात्री कागदावर निश्चित करून टाकाव्यात. प्रवासी विमा किमान तीस हजार युरोंचा असावा लागतो, आणि तो जहाजावरच्या दिवसांपुरता नव्हे, तर जमिनीवरच्या रात्रींसह संपूर्ण मुदतीचा हवा. शिवाय जहाज मध्येच तुर्कस्तानातील कुशादासीसारख्या बंदराला लागून पुन्हा ग्रीसला वा इटलीला येत असेल, तर प्रवासी शेंगेनच्या हद्दीबाहेर जाऊन पुन्हा आत येतो. तेव्हा एकाच प्रवेशाचा व्हिसा त्याला पुरत नाही, अनेक प्रवेशांचा मागून घ्यावा लागतो. आणि व्हिसा हाती पडेपर्यंत हॉटेल असेच निवडावे की जे रद्द केल्यास पैसे परत मिळतील. त्यासाठी भाडे थोडे अधिक द्यावे लागले तरी ते द्यावे.

रोममध्ये राहावे कोठे? टेर्मिनी या मुख्य स्थानकाजवळ, असे बहुतेकजण सांगतात, आणि विमानतळावरून तेथवर थेट गाडी येते हे खरेच आहे. परंतु चिविटावेक्क्याच्या गाड्या टेर्मिनीच्या ज्या फलाटांवरून बहुधा सुटतात ते फलाट मुख्य इमारतीपासून इतके दूर आहेत की गुडघे दुखणाऱ्या माणसाला पेट्या ओढीत तेथवर जाणे ही एक शिक्षाच होय. त्याच गाड्या पुढे त्रास्तेव्हेरे आणि सान पिएत्रो या लहान स्थानकांवर थांबतात. सान पिएत्रो हे व्हॅटिकनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. तेथे मुक्काम केला तर सायंकाळी सेंट पीटरच्या भव्य चौकात निवांत फिरता येते, आणि सकाळी साधारण पाऊण तासात बंदराच्या गावी पोहोचता येते. वयस्क मंडळींबरोबर असलेल्यांना मी निःशंकपणे हाच पर्याय सुचवीन. या प्रादेशिक गाड्यांत जागा राखीव नसते, आणि कागदी तिकिटावर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरील यंत्रातून शिक्का मारून घ्यावा लागतो. तो नसेल तर दंड होतो. संपाची नोटीस इटलीत कायद्याने आगाऊ द्यावी लागते, आणि संपाच्या काळातही कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व सायंकाळी सहा ते नऊ या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. म्हणून निघण्याच्या आठवड्यात वर्तमानाची चौकशी केली म्हणजे भागते.

टॅक्सीच्या बाबतीत रोममध्ये एक मोठी मनोहर व्यवस्था आहे. फ्युमिचीनो विमानतळापासून शहरापर्यंतचे भाडे पालिकेने ठरवून दिले आहे, ते माणशी नसून गाडीमागे आहे, आणि त्याची हद्द कोणती, तर तिसऱ्या शतकात सम्राट ऑरेलियन याने शहराभोवती बांधविलेला तट! हॉटेल तटाच्या आत असेल तर भाडे निश्चित. बाहेर असेल तर भाड्याची चौकशी आधी करून घ्यावी. थेट बंदरापर्यंत जाण्यास जहाज कंपनीच्याही बसगाड्या असतात, परंतु त्या माणशी पैसे घेतात, त्यामुळे चौघांच्या कुटुंबाला खाजगी मोटार पुष्कळदा स्वस्त पडते. एकट्या-दुकट्याला आगगाडीइतके सोयीचे काही नाही. चिविटावेक्क्याच्या स्थानकापासून लार्गो देल्ला पाचे या ठिकाणी गेले की तेथून बंदराच्या बसने जहाजाशी जाता येते. गोदीचा विस्तार मोठा असल्याने सामान घेऊन पायी जाण्याचा विचार करू नये.

सर्वच बंदरांना इतका बंदोबस्त लागत नाही. बार्सेलोनाचा विमानतळ बंदरापासून अवघ्या काही किलोमीटरांवर आहे. अथेन्सच्या विमानतळावरून २०२२ पासून मेट्रो थेट पिरेयसच्या बंदरापर्यंत जाते. सिंगापूरला मात्र जहाजांची टर्मिनले दोन आहेत, एक हार्बरफ्रंटला आणि दुसरे २०१२ साली उघडलेले मरीना बेला, आणि टॅक्सीवाल्याला नुसते ‘क्रूझ’ असे सांगणारा प्रवासी भलत्याच ठिकाणी जाऊन उतरू शकतो.

परतीचा दिवस लोक आणखीच निष्काळजीपणे ठरवितात. जहाज पहाटे बंदराला लागते. मोठ्या पेट्या आदल्या रात्रीच खोलीबाहेर ठेवलेल्या असतात, त्या धक्क्यावरील मंडपात हुडकाव्या लागतात, आणि उतरण्याची पाळी गटागटाने येते. म्हणून चिविटावेक्क्याला उतरणाऱ्याने दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नये. रात्रीचे विमान असले तर पेट्या टेर्मिनीच्या सामानघरात ठेवूनच शहरात पडावे, कारण कोलोसियममध्ये मोठ्या पेट्या घेऊन प्रवेश मिळत नाही. आणि सफर रविवारी संपत असेल तर व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार वगळता त्या दिवशी बंद असतात, हेही आधीच ठाऊक असावे.

मात्र ज्याला एक रात्र अधिक काढता येईल त्याने रोमकडे धावण्याऐवजी बंदराच्या गावीच राहावे, असे मी आग्रहाने म्हणेन. हजारो प्रवासी ज्याच्याकडे ढुंकूनही न पाहता बसमध्ये चढतात, ते हे बंदर दुसऱ्या शतकाच्या आरंभी सम्राट त्राजानने बांधविले. धाकट्या प्लिनीने ते बांधले जात असताना पाहून त्याचे वर्णन एका पत्रात करून ठेवले आहे. धक्क्यावरचा सोळाव्या शतकातला किल्ला मायकेलअँजेलोच्या नावाने ओळखला जातो, आणि कादंबरीकार स्तांदाल हा १८३१ पासून फ्रान्सचा वाणिज्यदूत म्हणून याच गावी नेमलेला होता. येथून आगगाडीने पाव तासाच्या अंतरावर तार्क्विनिया आहे. रोमन साम्राज्याच्या उदयापूर्वी या भूमीवर नांदलेल्या एट्रुस्कन लोकांची थडगी तेथे जमिनीखाली आहेत, आणि त्यांच्या भिंतींवर अडीच हजार वर्षांपूर्वी रंगविलेले नर्तक, बासरीवादक, मासेमार आणि पाण्यात सूर मारणारे तरुण आजही दिसतात. २००४ साली युनेस्कोने या थडग्यांचा जागतिक वारशात समावेश केला. आठ दिवस समुद्रावरच्या गजबजाटात काढून आलेल्या माणसाने तेथे अर्धा दिवस अवश्य घालवावा. सोमवारी ती सामान्यतः बंद असतात, म्हणून जहाज रविवारी लागणार असेल तर सामान हॉटेलात टाकून त्याच दुपारी निघावे.