सोमल, पटकी आणि डॉ. जिरॉड

पटकीच्या साथीत माणूस दगावला, तर त्यात कोणाला नवल वाटत नसे. ओकाऱ्या, जुलाब, हातापायांत गोळे आणि थोड्याच वेळात सारे संपलेले. सोमल पोटात गेलेल्याची लक्षणेही जवळजवळ हीच! सोमल म्हणजे आर्सेनिकचे पांढरे ऑक्साइड. पिठात मिसळले तर चवीला फारसे कळत नाही. मग हा रोग की खून, हे ठरवायचे कसे? चूक झाली तर खुनी सुटणार, किंवा निरपराध माणूस फासावर जाणार.

मुंबई इलाख्यात सरकारसाठी असे रासायनिक पृथक्करण बरीच वर्षे डॉ. हर्बर्ट जॉन जिरॉड करीत. त्यांचा जन्म १८१७ साली इंग्लंडमधील केंट परगण्यात, फॅव्हरशॅम येथे झाला. १८४० मध्ये एडिंबरोची एम.डी. पदवी घेऊन १८४२ मध्ये ते कंपनीच्या वैद्यकीय सेवेत मुंबईस आले. १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. तेथे ते रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र शिकवीत; पुढे प्राचार्यही झाले. (१८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड होते.) एकच माणूस वैद्य, रसायनज्ञ आणि वनस्पतिज्ञ कसा, असे आज वाटेल, पण तेव्हा बरीचशी औषधे वनस्पतींतूनच येत. १८६७ मध्ये ते निवृत्त झाले, १८८८ मध्ये वारले.

त्या काळच्या विषपरीक्षकांचे मोठे हत्यार म्हणजे जेम्स मार्श यांनी १८३६ मध्ये प्रसिद्ध केलेली कसोटी. जस्तावर सौम्य सल्फ्युरिक आम्ल ओतले की हायड्रोजन निघतो, हे आपण वर्गात दाखवतोच. त्या मिश्रणात सोमल असेल तर हायड्रोजनबरोबर आर्सिन हा वायूही निघतो. तो पेटवून ज्योतीवर चिनी मातीची थंड बशी धरली की तिच्यावर आर्सेनिकचा चकचकीत काळपट डाग बसतो. मिलिग्रॅमचा पन्नासावा भागसुद्धा यातून सापडतो.

पण खरी गोम पुढेच आहे. अँटिमनीचाही तसाच डाग पडतो, आणि अँटिमनीची औषधे तेव्हा सर्रास देत. सोडियम हायपोक्लोराइटमध्ये आर्सेनिकचा डाग विरघळतो, अँटिमनीचा नाही; त्यावरून फरक कळे. दुसरी अडचण याहून अवघड. बाजारातल्या जस्तात आणि आम्लातच आर्सेनिकचा अंश असू शकतो! म्हणून संशयित पदार्थ न घालता आधी तोच प्रयोग करून पाहावा लागे. त्यात डाग पडला, तर पुढचा पुरावा कवडीमोल.

आर्सिन अतिविषारी आहे, त्यामुळे हा प्रयोग शाळेत मुळीच करू नये. मात्र ही ‘कोरी चाचणी’ सहज दाखवता येते. माळेगाव बुद्रुकसारख्या नीरा डाव्या कालव्यावरच्या गावांत खारट विहिरींचा प्रश्न ओळखीचा आहे. विहिरीच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाका. क्लोराइड असल्यास पाणी दुधाळ होईल. त्याआधी तेच थेंब ऊर्ध्वपातित पाण्यात टाका. परीक्षानळी नळाच्या पाण्याने विसळलेली असेल, तर पुष्कळदा हे ‘शुद्ध’ पाणीही किंचित गढुळते. अशा वेळी विद्यार्थ्यांना लगेच कारण सांगू नका. दोष विहिरीचा की नळीचा, हे त्यांनाच शोधू द्या.