सुधारित कोंबडी आणि खुडूक कोंबडी

सुधारित जातीची कोंबडी पाळली की शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते, असे पत्रके सांगतात. गावातली जुनी माणसे म्हणतात, 'ही कोंबडी अंडी देते, पण वंश चालवत नाही.' दोन्ही म्हणणी खरी आहेत. ती शेजारी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय आपला छोटा शेतकरी नवी जात घ्यायला का कचरतो, हे कळणार नाही.

प्रथम गावठी कोंबडीचा हिशेब पाहू. ती वर्षाला पन्नास-साठ अंडी देते. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक होते, एकवीस दिवस अंड्यांवर बसते आणि मग काही आठवडे पिल्ले घेऊन हिंडते. या काळात ती अंडे देत नाही. पुस्तकी हिशेबात हा तोटा होय. पण त्याच काळात ती उबवणी यंत्राचे, दिव्याचे आणि राखणदाराचे काम फुकट करते. तिचे खाणे म्हणजे उकिरड्यावरचे किडे, सांडलेले भात आणि कणी-कोंडा.

शास्त्रज्ञांनी निवड केली ती नेमका हा खुडूकपणा घालवण्यासाठी. व्हाइट लेगहॉर्न जातीची कोंबडी बसत नाही, म्हणूनच पिंजऱ्यात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देऊ शकते. पण तिला रोज सुमारे शंभर-एकशे दहा ग्रॅम समतोल खाद्य लागते, आणि अंगणात सोडली तर तिचा पांढरा रंग घारीला लांबून दिसतो. कारखान्याची ही कोंबडी अंगणात टिकेना, म्हणून बंगळूरच्या कृषी विद्यापीठात 'गिरिराज' आणि हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेत 'वनराज' या रंगीत पिसांच्या जाती तयार झाल्या. त्या गावठीसारख्या दिसतात, अंगणात चरतात आणि गावठीच्या दुप्पट किंवा त्याहून अधिक अंडी देतात.

मग अडते कुठे? तीन ठिकाणी. पहिले म्हणजे पिल्लू. ही कोंबडी सहसा खुडूक होत नाही. आणि तिची अंडी गावठीखाली उबवली, तरी पुढच्या पिढीत मूळचे गुण तसेच उतरत नाहीत. पिल्लासाठी पुन्हा उबवणी केंद्राच्या दारी जावे लागते. दुसरे म्हणजे ऊब. आईविना पिल्लांना पहिले काही आठवडे दिव्याची ऊब द्यावी लागते. मुळशीच्या पावसात रात्री वीज गेली, तर सकाळी टोपलीत मेलेली पिल्ले सापडतात. तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण लसीची. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला की दोन-चार दिवसांत खुराडे रिकामे होते. त्यावर लस आहे. पहिल्या आठवड्यात डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकायचा आणि पुढे पुन्हा मात्रा द्यायची. पण लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा कालवली की तास-दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या बाईने ती कुपी घेऊन करायचे काय?

मी कामगार संघटनेत घडलेला माणूस आहे; म्हणून मला यात अडाणीपणा दिसत नाही, एकटेपणा दिसतो. दहा घरांनी ठरवून एकाच दिवशी पिल्ले आणली आणि एकाच सकाळी टोचणी केली, तर तीच कुपी पुरते. एका घरी वीज आणि राखण यांची सोय करून दहा घरांची पिल्ले तिथे महिनाभर वाढवता येतात. गावठी कोंबडीही मोडू नये; ती आपल्या हातातले बियाणे आहे.

संघटनेवाचून काय होते, ते कंत्राटी ब्रॉयलर धंद्यात पाहा. पिल्लू कंपनीचे, खाद्य कंपनीचे, औषध कंपनीचे. शेड, राबणूक आणि शेडचे कर्ज शेतकऱ्याचे. त्याला वजनावर संगोपनाचा दर मिळतो. विडी कामगार बाईला पान-तंबाखू ठेकेदार देतो आणि ती घरी बसून विड्या वळते, त्यातलाच हा प्रकार. घरी काम करणाऱ्या त्या बाईला १९६६ च्या कायद्याने कामगार मानले, ते झगड्यानंतरच. कोंबडीवाल्याला शेतकरी म्हणून मान आहे. पण दर ठरवताना त्याला बोलावतो कोण?

आता कोणी विचारील, महाळुंग्यात या चर्चेचे काय काम? मुळेकाठचे हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत गेले. भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या. पण या इमारतींतच गावठी अंड्याला चढा भाव देणारे गिऱ्हाईक राहते, आणि मुळशीच्या वरच्या अंगाला कोंबडी पाळणारी घरे आहेत. दोहोंमधले अंतर एका सकाळच्या प्रवासाचे आहे. ते कोणी एकट्याने दलाल म्हणून गाठायचे, की पाळणाऱ्या बायांनी मिळून, एवढाच प्रश्न उरतो.

अंड्याचा पैसा आमच्या खेड्यात बाईच्या हातात राहत आला आहे. त्यातून मीठ-मिरची आणि पोरांच्या वह्या येतात. धंदा वाढला, शेड झाले, कर्ज आले की कागदावर नाव पुरुषाचे लागते. म्हणून नवी जात गावात आणणाऱ्याने दोन प्रश्न आधी विचारावेत : पिल्लू कोणाच्या हातात, आणि पैसा कोणाच्या हातात? याची उत्तरे नीट मिळाली, तर सुधारित कोंबडी खुशाल आणावी. अंडी ती देईलच.