डोकं हलवू नका, मेंदू मोजतोय!

‘हेअरपिन काढली? कानातलं? चेन? जीन्सचं बटण धातूचं आहे ना, मग ही पँट घालून ये.’

माझी रूममेट आहे, तिची मोठी बहीण मेंदूविज्ञानात पीएचडी करते. तिच्या प्रोजेक्टसाठी तिला ‘निरोगी’ माणसं हवी होती. म्हणजे वय विशी ते तिशी, डोक्याला कधी मोठा मार नाही, फिट नाही, मनाच्या आजाराची औषधं चालू नाहीत, दातांना तारा नाहीत. ‘काहीच झालेलं नाही अशी माणसं मिळणंच सगळ्यात कठीण असतं,’ ताई म्हणाली. मी लगेच हात वर केला. बावीस वर्षांत पहिल्यांदाच ‘काही नसणं’ ही माझी पात्रता ठरत होती!

धातूबद्दलची ती कटकट उगाच नसते. आतलं चुंबक तीन टेस्लाचं होतं, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या सुमारे 60,000 पट ताकदीचं, आणि ते कायम चालूच असतं. 2018 मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेल्या एका तरुणाचा जीव गेला होता, ती बातमी तुम्हालाही आठवत असेल. बाकी एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखं इथे रेडिएशन नसतं. म्हणून तर ज्यांना काहीच झालेलं नाही अशांनाही संशोधक बिनधास्त बोलावू शकतात.

हे सगळं ठीक होतं. पेन अडलं ते फॉर्मवरच्या एका प्रश्नावर : ‘तपासणीत अनपेक्षित काही आढळल्यास तुम्हाला कळवावे का? होय / नाही.’

तुम्ही काय टिक केलं असतं? मेंदूचा काहीही त्रास नसलेल्या सुमारे 20 हजार लोकांच्या एमआरआयचा एकत्रित आढावा 2009 मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात 2.7 टक्के लोकांच्या डोक्यात काहीतरी अनपेक्षित दिसलं. म्हणजे साधारण 37 जणांमागे एक. तुमचा साठ जणांचा वर्ग असेल तर एक-दोन बाकांवर. यातल्या पुष्कळ गोष्टी निरुपद्रवी असतात. पण काही वेळा रक्तवाहिनीला आलेला छोटा फुगवटा दिसतो. तो आयुष्यभर गप्प बसेल की फुटेल हे कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही आणि ऑपरेशनलाही धोका असतोच. कळलं तर झोप उडणार, न कळलं तर कदाचित संधी हुकणार. मी दहा मिनिटं बसून ‘होय’वर खूण केली. ताईने घाई केली नाही, याबद्दल तिला थँक्यू.

आत झोपल्यावर कानात बोळे, वर हेडफोन, चेहऱ्यावर पिंजऱ्यासारखी एक कॉइल. मग सुरू होतो आवाज. शेजारच्या फ्लॅटमध्ये टाइल्स फोडतायत असं वाटतं. मेंदूत पाणी भरपूर, पाण्यात हायड्रोजन. चुंबकाने रांगेत आणलेल्या त्या हायड्रोजनला रेडिओलहरींनी धक्का द्यायचा आणि तो पूर्वपदावर येताना देतो तो संदेश टिपायचा, एवढंच मशीन करतं. बाहेरचा करडा थर, आतल्या पांढऱ्या तारा आणि मधलं पाणी हे वेगवेगळ्या वेगाने पूर्वपदावर येतात, म्हणून फोटोत वेगळे दिसतात.

पण फोटो म्हणजे मोजमाप नव्हे. खरं मोजणं नंतर कॉम्प्युटरवर होतं. सॉफ्टवेअर आधी कवटी ‘सोलून’ काढतं, मग मेंदूचे जेमतेम एक मिलिमीटरचे लाखो ठोकळे करून प्रत्येक ठोकळा करडा, पांढरा की पाणी हे ठरवतं. मग मोजायचं : स्मरणाशी संबंधित हिप्पोकॅम्पस किती घन मिलिमीटर, बाहेरचा थर किती जाड. हा थर सरासरी अडीच मिलिमीटरचा असतो. आपलं सगळं पाठांतर, प्रेमप्रकरणं आणि केटीचे विषय एवढ्याशा जाडीत!

इतक्या बारीक मापात गडबडही सहज होते. स्कॅनच्या वेळी डोकं जरा हललं तरी थर आहे त्यापेक्षा पातळ मोजला जातो. आणि पाणी! सोळा तास पाणी न प्यायलेल्या निरोगी लोकांचा मेंदू अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त आकसलेला आढळला आणि पाणी प्यायल्यावर तो पुन्हा भरला. म्हणजे एखाद्या गटाचा मेंदू ‘लहान’ निघाला तर ते आजारामुळे, चुळबुळीमुळे की तहानेमुळे, हे आधी तपासायला हवं. ‘अमुक केल्याने मेंदू वाढतो’ असं रील पुढच्या वेळी दिसलं, तर किती जणांना मोजलं हेसुद्धा विचारा.

आता मुद्द्याचं. मापं आली, पण ‘नॉर्मल’ किती हे कशावरून ठरवायचं?

मला हा प्रश्न आजीमुळे टोचतो. गेल्या वर्षी चक्कर आली म्हणून तिचा एमआरआय केला. रिपोर्टमध्ये एक ओळ होती, ‘वयानुरूप मेंदूचे आकुंचन’. डॉक्टर शांत होते, त्यांनी हजारो स्कॅन डोळ्यांखालून घातलेले असतात. पण बाबांनी रात्रभर गूगल केलं आणि दुसऱ्या दिवसापासून आजी चष्मा विसरली तरी घरात सगळे एकमेकांकडे बघायला लागले. आकुंचन, पण कुणाच्या तुलनेत?

या तुलनेचा इतिहास भारी आहे. मेंदूचा जो नकाशा जगभर वर्षानुवर्षं वापरला गेला, तो 1988 साली प्रसिद्ध झालेला तालरॅकचा नकाशा, एका साठ वर्षांच्या फ्रेंच बाईंच्या मेंदूवर आधारलेला होता. एकाच! मग कॅनडातल्या मॉन्ट्रियल न्यूरोलॉजिकल इन्स्टिट्यूटने 305 तरुणांची सरासरी काढली. त्यात 239 पुरुष आणि 66 स्त्रिया. पुढे आला 152 जणांचा नवा साचा. आजही असंख्य संशोधनांत मेंदू आधी या मॉन्ट्रियलच्या साच्यात बसवून मग मोजला जातो. शिवलेला कुर्ता दुसऱ्याच्या मापाचा असला की दोष आपल्या खांद्यांना लागतो, तसं हे आहे.

हैदराबादच्या ट्रिपल आयटीत जयंती शिवस्वामी यांच्या टीमने 2019 मध्ये भारतीय मेंदूचा नकाशा तयार केला. 100 निरोगी लोक, स्त्री-पुरुष समसमान, वय 21 ते 30. म्हणजे आपणच की! या सरासरी भारतीय मेंदूची लांबी-रुंदी-उंची पाश्चात्त्य साच्यापेक्षा कमी निघाली. अपेक्षेप्रमाणे सोशल मीडियावर ‘तरीच’ छापाचे विनोद झाले. पण मेंदूचा आकार आणि बुद्धिमत्ता यांचं नातं फार कमजोर आहे. पुरुषांचा मेंदू सरासरीने स्त्रियांपेक्षा सुमारे दहा टक्के मोठा असतो, आणि तुमच्या वर्गातला टॉपर कोण आहे ते बघा. हत्तीचा मेंदू तर आपल्या तिप्पट वजनाचा. त्या नकाशाचा उपयोग वेगळाच आहे. आपल्या माणसाचा मेंदू परक्या साच्याशी ताडला की धडधाकट मेंदूही ‘आकसलेला’ वाटू शकतो. अर्थात आजीसाठी हाही नकाशा कामाचा नाही, तो विशीतल्यांचा आहे. सत्तरीतली निरोगी माणसं मोजायला मशीनपर्यंत आणणार कोण?

आपल्या वयाबद्दल मात्र एक गोष्ट मला फार आवडली. 2022 मध्ये ‘नेचर’मध्ये एक लाखाहून जास्त लोकांच्या स्कॅनवरून मेंदूच्या वाढीचे तक्ते आले, लहान मुलांच्या उंची-वजनाचे असतात तसे. करड्या भागाचं आकारमान सहाव्या वर्षाच्या आसपासच शिखर गाठतं. पण जोडणाऱ्या पांढऱ्या तारांचं आकारमान वाढत राहतं ते थेट 29व्या वर्षाच्या जवळपास. ‘आता तरी मोठी हो’ असं घरून ऐकलं, की मी हल्ली हाच आकडा तोंडावर फेकते.

तुम्हालाही कुणी बोलावलं तर जा. आदल्या दिवशी नीट पाणी प्या, आणि एक जरूर विचारा : माझा चेहरा पुसणार का? स्कॅनमध्ये नाक, ओठ, कपाळ सगळं येतं. 2019 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या संशोधकांनी 84 जणांच्या स्कॅनवरून चेहरे उभे केले आणि फेस रेकग्निशन सॉफ्टवेअरने त्यांच्या फोटोंशी 83 टक्के वेळा बरोबर जोडी लावली. नाव खोडलं म्हणजे ओळख लपली असं नाही.

चार आठवडे झाले. ‘काहीतरी आढळलंय’ असा फोन आलेला नाही. अनोळखी नंबर वाजला की अजून पोटात गोळा येतो, निघतो क्रेडिट कार्डवाला. ताईने आठवण म्हणून मला माझ्या मेंदूचा एक फोटो पाठवला, बाजूने घेतलेला, अर्ध्यात कापलेल्या कोबीसारखा. आजीला दाखवला. तिने चष्मा शोधला (सापडला, कपाळावर होता), मोबाइल लांब धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, ‘अगं, इथेही तुझं नाक नकटंच आलंय.’