बंदुकीच्या दस्त्याला गादी कशाला?

चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीला गेलात तर एकीकडे विजासनची प्राचीन बौद्ध लेणी दिसतील आणि दुसरीकडे दारूगोळा तयार करणारी चांदा आयुध निर्माणी. ताडोबाचे जंगलही जवळच. एकेकाळी या रानात छर्ऱ्यांच्या बंदुका घेऊन शिकारी हिंडत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार आता शिकारीला बंदी आहे. आज अशी बंदूक पिकांच्या राखणीसाठी परवाना घेतलेल्या शेतकऱ्याकडे किंवा नेमबाजीच्या मैदानावर दिसते. तिच्या दस्त्याच्या टोकाला अनेकदा रबराची जाड गादी बसवलेली असते. ती कशासाठी बरे?

न्यूटनचा तिसरा नियम आठवा. छर्रे पुढे जातात, तेव्हा बंदूक मागे येते. ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले आणि बंदूक ३.२ किलोग्रॅमची असली, तर छर्ऱ्यांच्या शंभरपट वजनाची ही बंदूक त्यांच्या शंभराव्या हिश्श्याच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येईल. दारूच्या वायूंमुळे हा वेग आणखी थोडा वाढतो. छर्ऱ्यांपुरता हिशेब केला तरी बंदुकीची गतिज ऊर्जा सुमारे २६ ज्यूल भरते.

ही ऊर्जा खांद्याने शोषायची. समजा, बंदूक १ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर सरासरी बल २६०० न्यूटन होईल. गादी दबून ती २ सेंटिमीटरमध्ये थांबली, तर बल निम्मे, १३०० न्यूटन! क्रिकेटचा झेल घेताना तुम्ही हात मागे नेता, तो याच कारणाने. शिवाय रबर खांद्याच्या आकाराप्रमाणे दबते, त्यामुळे धक्का मोठ्या भागावर विभागला जातो. धक्क्याची धास्ती बसलेला नेमबाज चाप ओढतानाच डोळे मिटतो. मग नेम चुकतो, आणि भलतीकडे गेलेले छर्रे कोणालाही लागू शकतात.

मग गादी जितकी मऊ तितकी चांगली का? नाही. फार मऊ गादी पूर्ण दबून जाते आणि खाली कठीण लाकूडच लागते. फार कठीण गादी दबतच नाही. फार जाड गादीने दस्ता लांब होतो व बोट चापापर्यंत नीट पोचत नाही. अशा वेळी कारागिराकडून लाकूड तेवढे कापून घ्यावे लागते. गादीची वरची कडा गुळगुळीत हवी, म्हणजे ती कपड्यात अडकत नाही. आणि गादी कितीही उत्तम असली तरी दस्ता खांद्याला घट्ट टेकलेला हवा. मध्ये फट राहिली, तर बंदूक वेग घेऊन आदळते.

रबराचे शत्रू तीन: तेल, ऊन आणि हवेतला ओझोन. नळी पुसण्याचे तेल लागले तर नैसर्गिक रबर फुगते व चिकट होते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंदूक उन्हात ठेवली तर गादी कडक होऊन तडकते. म्हणून साबणाच्या ओल्या फडक्याने गादी पुसावी, सावलीत सुकवावी, आणि बंदुकीचा भार महिनोन् महिने गादीवर ठेवू नये. बंदूक रिकामी असल्याची खात्री करून तिच्या मालकाने अंगठ्याने गादी दाबून पाहावी. खळगा तसाच राहिला किंवा भेगा दिसल्या, तर गादी बदलावी.

तोफेचा धक्का मात्र रबराला पेलत नाही. तिथे तेलाने भरलेल्या नळकांड्यातला दट्ट्या नळीला हळूहळू थांबवतो. साधन निराळे, युक्ती तीच: थांबायला जास्त अंतर द्या, म्हणजे धक्का कमी!