तुषारसिंचन : मोजून पाडलेला पाऊस

शिरोळ तालुक्यात नदी जवळ असूनही पुष्कळ शिवारे क्षारपड झाली आहेत. भारी काळ्या जमिनीस पाटाने बेसुमार पाणी दिले, की निचऱ्याअभावी भूजल वर चढते आणि त्याची वाफ होऊन क्षार मात्र पृष्ठावर उरतात. बेताने पाणी देण्याचा एक मार्ग म्हणजे तुषारसिंचन होय.

पंप पाणी दाबाने नळांत लोटतो. नळांवरील उभ्या नळ्यांच्या टोकास तोट्या असतात. तोटीची धार हातोडीवर आदळून तिला बाजूस सारते; स्प्रिंग तिला परत ओढते, तिचा ठोका बसतो आणि तोटी किंचित फिरते. ही युक्ती १९३३ साली कॅलिफोर्नियातील ऑर्टन एंगलहार्ट यांनी काढली. एका तोटीचे पाणी सर्वत्र सारखे पडत नाही. म्हणून शेजारची वर्तुळे एकमेकांवर येतील अशी मांडणी करतात.

खरे मर्म मात्र वेगात आहे. जमीन तासाभरात जितके पाणी मुरवू शकेल, त्याहून अधिक पाडू नये. भारी जमीन सावकाश पिते. भुईमूग, गहू, हरभरा यांस ही रीत मानवते. उंच उसात धार अडते. क्षारपड झालेल्या जमिनीस प्रथम निचराच हवा. परंतु चांगली जमीन राखावयाची असेल, तर पाणी देण्यापूर्वी तिची तहान ओळखणे अगत्याचे आहे.