शेततळ्यातील जखमी माशाचा इलाज

२०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली तेव्हापासून राज्यात शेततळी वाढली. आमच्या व्यापारी बंधूंपैकीही काहीजण जोडधंदा म्हणून रोहू, कटला, मृगळ पाळतात. जाळे ओढताना, वजन करताना मासे खरचटतात. असा माल कमी भावाने जातो, आणि पैदाशीसाठी राखलेला मोठा नग दगावला तर नुकसान भारी.

माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हीच त्याची ढाल. ती निघाली की बुरशी बसते. जखमेवर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे पुंजके दिसतात ते हेच. शिवाय माशाचे रक्त तळ्याच्या पाण्यापेक्षा खारट, म्हणून जखमेतून पाणी आत शिरते व क्षार बाहेर जातात. मिठाचा उपयोग येथेच होतो.

हात ओले करून मासा ओल्या मऊ कापडात उचलावा (मलमल चांगली, खळीचे कोरे कापड नको). सावलीतल्या टाकीत तळ्याचेच पाणी भरावे, हवेचा पंप लावावा, वर जाळी टाकावी, नाहीतर मासा उडी मारतो. लिटरला ३ ग्रॅम जाडे मीठ, म्हणजे ५०० लिटरला दीड किलो, थोडे थोडे विरघळवून घालावे. पहिले एक-दोन दिवस खाद्य बंद. रोज पाव हिस्सा पाणी बदलावे व तेवढ्यापुरतेच मीठ पुन्हा घालावे. नळाचे पाणी थेट घेऊ नये, त्यातील क्लोरीन कल्ल्यांना जाळते.

कोणी ना कोणी मॅलाकाइट ग्रीन सुचवतोच. आम्ही कापडवाले हा रंग ओळखतो. रेशीम, ताग, कातडे रंगवायचा तो. बुरशीवर लागू पडतो हे खरे, पण त्याचा अंश मांसात दीर्घकाळ राहतो. खाण्याच्या माशासाठी युरोपीय देशांत व अमेरिकेत त्याला मनाई आहे. गिऱ्हाइकाच्या ताटात रंग वाढून झालेली कमाई आम्ही हलाल मानत नाही.

मात्र एकाच वेळी अनेक माशांवर लाल व्रण दिसले तर ती जाळ्याची जखम नव्हे. १९८८ साली ईशान्य भारतात शिरलेला व्रणरोग असू शकतो. मत्स्यविभागाच्या अधिकाऱ्यास त्वरित दाखवावे. भुवनेश्वरच्या केंद्रीय संस्थेने यावर ‘सिफॅक्स’ औषध काढले आहे. एक हेक्टर तळ्यात एक मीटर खोल पाण्याला एक लिटर, हे त्याचे माप. पाव हेक्टर तळ्यात दोन मीटर पाणी असेल तर अर्धा लिटर पुरते.